शर्यतीच्या जुन्या मोटारींचे मोल

१९७२ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका शाळेतून एक जुनी मोटार साडेसहा हजार डॉलरना विकली गेली. मोटारदुरुस्तीच्या वर्गातील मुलांना इंजिनाची ओळख व्हावी म्हणून ती शाळेला देणगीदाखल मिळाली होती. घेणाऱ्याने ती ओहायोत नेली आणि पुढे कित्येक वर्षे ती तेथे उघड्यावर ऊनपाऊस खात उभी राहिली. ही मोटार म्हणजे इटलीतील फेरारी कारखान्याची ‘२५० जीटीओ’. तिच्याच जातीची दुसरी एक मोटार २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. शाळेच्या चालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशीच्या बाजारभावाने त्यांनी व्यवहार केला, आणि पाठ्यपुस्तकाला धरूनच केला.

यंत्राची किंमत वापराबरोबर घटत जाते, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. घसारा म्हणतात तो हाच. कारखान्याबाहेर पडलेली मोटार पंधरा-वीस वर्षांत मोडीच्या भावाला येते आणि आजवर तयार झालेल्या बहुतेक सर्व मोटारींच्या नशिबी हेच आलेले आहे. मग थोड्याशा मोटारींच्या बाबतीत हा नियम उलटा का फिरावा? आणि एकदा उलटा फिरलेला नियम पुन्हा सुलटा होणार नाही, याची हमी कोणी द्यावी? जुन्या मोटारींकडे गुंतवणूक म्हणून पाहावे, असा सल्ला अलीकडे धनिकांच्या वर्तुळाबाहेरही दिला जाऊ लागला आहे. तेव्हा हे प्रश्न केवळ हौशी मंडळींचे राहिलेले नाहीत.

‘जीटीओ’चेच उदाहरण पुढे पाहू. १९६२ ते १९६४ या काळात या मोटारी अवघ्या छत्तीस तयार झाल्या. शर्यतीच्या नियमांनुसार त्या वर्गात उतरण्यासाठी किमान शंभर मोटारी बनवणे आवश्यक होते. परंतु ही नवी मोटार नसून आपल्याच जुन्या मोटारीची सुधारलेली आवृत्ती आहे, अशी भूमिका घेऊन एन्झो फेरारी यांनी वाट काढली. आज ज्या दुर्मिळतेपोटी कोट्यवधी डॉलर मोजले जातात, तिचा उगम असा एका पळवाटेत आहे. तीन लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन, सुमारे तीनशे अश्वशक्ती, कुशल कारागिरांनी हातांनी घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि नवी असताना अमेरिकेतील किंमत सुमारे अठरा हजार डॉलर. सलग तीन वर्षे तिने आपल्या वर्गाचे अजिंक्यपद मिळवून दिले. पुढे चालकाच्या पाठीमागे इंजिन बसवलेल्या मोटारींचा जमाना आला, आणि शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याला जो भाव येतो तोच हिलाही आला.

अठरा हजारांचे छप्पन्न वर्षांत ४ कोटी ८४ लाख झाले. याचा चक्रवाढ दर वर्षाला सुमारे पंधरा टक्के पडतो. भविष्यनिर्वाह निधीच्या व्याजाशी ताडून पाहिल्यास पगारदार माणसाला हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा हिशेब जिंकलेल्या तिकिटावरून सोडतीचा नफा काढण्यासारखा आहे. १९६२ साली बाजारात असंख्य जातींच्या मोटारी होत्या आणि त्यांतली कोणती पुढे अमोल ठरेल, हे त्या वर्षी कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय शेअरला लाभांश मिळतो, घराला भाडे मिळते. जुनी मोटार मात्र मालकाकडूनच सतत मागत असते. कोरडी जागा, विमा, कार्ब्युरेटर जुळवून देणारा जाणता कारागीर आणि कोठेच तयार न मिळणारे सुटे भाग या सर्वांचा खर्च लिलावाच्या बातमीत छापला जात नाही. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये तीन शतकांतील चित्रांच्या विक्रीचा अभ्यास केला, तेव्हा महागाई वजा जाता चित्रांवरचा परतावा वर्षाला जेमतेम अर्धा टक्का निघाला होता. चित्राला तर तेलपाणीही करावे लागत नाही.

मग मोल येते कोठून? थॉर्स्टाइन वेब्लेन याने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. फ्रेड हर्श याने १९७६ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन दाखवून दिले, की काही वस्तूंचे मोल त्या इतरांना मिळू शकत नाहीत यातच असते आणि समाज कितीही श्रीमंत झाला तरी त्यांचा पुरवठा वाढत नाही. जुनी शर्यतीची मोटार ही अशी वस्तू. २०२२ च्या मे महिन्यात मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९५५ साली बनवलेल्या दोनच ‘३०० एसएलआर’ बंद मोटारींपैकी एक १३ कोटी ५० लाख युरोंना विकली. रुपयांत ही रक्कम त्या वेळी अकराशे कोटींच्या घरात जात होती. १९५५ नंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतल्यामुळे ही बंद मोटार एकाही शर्यतीत धावली नव्हती! विक्रीचे पैसे कंपनीने पर्यावरण आणि कार्बनमुक्तीच्या अभ्यासासाठी द्यावयाच्या शिष्यवृत्त्यांकडे वळवले, हा योगायोग ज्याचा त्याने चाखावा. २०१९ मध्ये तर इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने ‘जीटीओ’ला कलाकृती मानून तिच्या नकलेस मनाई केली.

मात्र पुरवठा कायमचा गोठलेला असतो, हे गृहीतही पूर्णतः खरे नाही. इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीने १९६३-६४ मध्ये आपल्या ‘ई-टाइप’च्या अठरा हलक्या शर्यतगाड्या योजल्या होत्या, प्रत्यक्षात बाराच झाल्या. २०१४ मध्ये कंपनीला उरलेल्या सहा क्रमांकांची आठवण झाली आणि पन्नास वर्षांपूर्वीच्याच आराखड्याने सहा ‘नव्या जुन्या’ मोटारी बांधून तिने त्या श्रीमंतांना विकल्या. यांना अस्सल म्हणावे की नक्कल? बाजाराने अर्थातच मूळच्या बारांना वेगळ्या पंगतीत बसवले. म्हणजे भाव ठरतो तो सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, कोणी चालवली, कोणत्या शर्यतीत धावली, किती हातांतून गेली यांवरून. एखाद्या घराण्याची वंशावळ तपासावी तसे हे कागद तपासले जातात. पत्र्याला आणि इंजिनाला या हिशेबात दुय्यम स्थान आहे.

मागणीचे काय होते, याचा धडा एकदा मिळालेला आहे. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी वारले. जपानमध्ये त्या सुमारास जमिनी आणि शेअर यांचे भाव आभाळाला भिडले होते, पाश्चात्त्य बँका सढळ हाताने कर्जे देत होत्या, आणि त्या पैशाला हौसेची जागा हवी होती. वर्ष-दीड वर्षात एकेका ‘जीटीओ’साठी एक कोटी डॉलरहून अधिक मोजले गेले. पुढे जपानचा फुगा फुटला, व्याजाचे दर चढले, आणि १९९४ च्या सुमारास तीच मोटार तीस लाखांच्या आसपास उतरली. या काळात मोटार जराही बदलली नव्हती. बदलला होता तो इतरत्र न मावणारा पैसा. ज्यांनी कर्ज काढून कमी प्रतीच्या फेरारी घेतल्या होत्या, त्यांची अवस्था सांगायला नको.

पैशाइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची आहे ती आठवण. १९६१ मध्ये जिनीव्हात ‘ई-टाइप’ प्रथम दिसली तेव्हा जो मुलगा बारा-तेरा वर्षांचा होता, तो पन्नाशीत हाती पैसा आल्यावर तीच मोटार शोधू लागला. आता तो पंचाहत्तरीपुढे गेला आहे. ‘ई-टाइप’ बहात्तर हजारांवर बनल्या. त्या सर्वांना पुढचा मालक त्याच ओढीने मिळेल, असे मानायला आधार नाही. नव्या धनिकांची बालपणे वेगळी आहेत. २००१ सालच्या एका अमेरिकन चित्रपटात धावलेली १९९४ ची टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरना गेली, आणि त्याच वर्षी १९९० च्या दशकातील मॅक्लारेन ‘एफ-वन’ २ कोटींहून अधिक डॉलरना. मॅक्लारेनच्या या मोटारी एकूण एकशे सहाच झाल्या. छत्तीस किंवा दोन मोटारींना जगभरात थोडे ग्राहक पुरतात आणि त्या चित्रांप्रमाणे पिढ्यांपलीकडे टिकतील, हे संभवनीय दिसते. मधल्या थराला मात्र हजारो आठवणी लागतात, आणि आठवणींचा वारसा मृत्युपत्राने देता येत नाही.

पेट्रोलवर येऊ घातलेल्या निर्बंधांची भीती त्या मानाने अतिरंजित वाटते. युरोपीय संघाचा २०२३ चा कायदा नव्या मोटारींपुरता आहे. लंडनमध्ये धुरावरील करातून चाळीस वर्षांवरील मोटारींना सूट आहे, जर्मनीत तीस वर्षांवरील मोटारींना वेगळी पाटी मिळते, आणि भारतानेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू करून त्यांच्या रोजच्या वापरास मनाई केली. कायद्याने जिला रस्त्यावरून जपून काढले, ती संग्रहालयाच्या अधिक जवळ जाते. खरी अडचण येईल ती या मोटारींचे पोट जाणणारे मेकॅनिक संपत चालल्यामुळे.

२०१७ पासून अमेरिकेत अशा एकेका मोटारीच्या मालकीचे हजारो भाग पाडून ते लहान बचत करणाऱ्यांना काही डॉलरना विकण्याचा धंदा सुरू झाला. भागधारकाला मोटार चालवता येत नाही. ती कोठे तरी वखारीत बंद असते. हर्शने सांगितलेले प्रतिष्ठेचे सुख मालकाचे, वेब्लेनचा दिखावाही त्याचाच. भागधारकाच्या वाट्याला फक्त पुढच्या भावाची आशा येते. त्या भावाचे अलीकडचे चित्र असे आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक ‘जीटीओ’ न्यूयॉर्कमध्ये ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. ती मुळात चार लिटरच्या इंजिनाची असल्यामुळे २०१८ च्या मोटारीशी तिची तुलना काटेकोर ठरत नाही. तरीही पाच वर्षांतला फरक सात टक्क्यांच्या आत आहे, आणि त्याच पाच वर्षांत अमेरिकेतील महागाई वीस टक्क्यांहून अधिक वाढली.