गाणं आणि गिटार एकाच लूपरमध्ये

लूपर पेडल एवढंच करतं: त्याच्यात शिरलेला आवाज साठवतं आणि पुन्हा पुन्हा वाजवतं. त्यामुळे पेडलपर्यंत काय पोहोचतं, हे ठरवणं महत्त्वाचं. गिटार वाजवत गाणाऱ्याची पहिली अडचण नेमकी इथेच येते. बहुतेक छोट्या लूपरना, उदाहरणार्थ बॉसचा आरसी-१ किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो, गिटारच्या जाड जॅकची जागा असते. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलची नसते.

एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्याला जॅक असलेली केबल बाजारात मिळते. ती लावली की आवाज येतो, पण क्षीण येतो आणि त्याच्या मागे सूं सूं ऐकू येते. याचं कारण केबलमध्ये नाही. शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक काही मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल देतो. गिटारचा पिकअप त्याच्या कितीतरी पट जास्त देतो आणि पेडल त्याच हिशेबाने बनवलेलं असतं. माइकला आधी प्रीअँप लागतो. तो सिग्नल साधारण ४० ते ६० डेसिबलने, म्हणजे शंभर ते हजार पट, वाढवतो. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवरही द्यावी लागते. साध्या पेडलमध्ये या दोन्ही गोष्टी नसतात, छोट्या मिक्सरमध्ये असतात. म्हणून मिक्सर मध्ये घ्यायचा.

माइक मिक्सरच्या पहिल्या चॅनलला एक्सएलआर केबलने जोडा. गिटार दुसऱ्या चॅनलला जोडा, पण ‘हाय-झी’ लिहिलेल्या जागी. तशी जागा नसेल तर डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल माइकच्या सॉकेटजोगा करणाऱ्या डबीतून, माइकच्या सॉकेटला जोडा. गिटारचा साधा पिकअप थेट लाइन इनपुटला दिला तर त्याची वरची चमक जाते. मग सगळ्यात जोरात गाऊन, सगळ्यात जोरात वाजवून पाहा. लाल दिवा लागणार नाही इतकाच गेन ठेवा.

आता खरी जोडणी. मिक्सरच्या मुख्य आउटपुटपुढे लूपर लावणं सोपं असतं, पण मग रेकॉर्डिंग सुरू असताना गाणं आणि गिटार दोन्ही लूपमध्ये जातात. त्याऐवजी ऑक्स सेंडमधून, म्हणजे निवडलेल्या चॅनलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर देणाऱ्या आउटपुटमधून, लूपरच्या इनपुटला केबल द्या आणि लूपरचं आउटपुट मिक्सरच्या तिसऱ्या चॅनलला आणा. प्रत्येक चॅनलवर ऑक्सची गुंडी असते. गिटारची उघडली, माइकची बंद ठेवली, की फक्त कॉर्ड्‌स साठतात आणि तुम्ही वरून मोकळं गाऊ शकता. पुढे कोरस हवा असेल तर माइकची गुंडी उघडा. मला ही पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण काय साठवायचं याचा निर्णय गाणाऱ्याच्या हातात राहतो.

एक नियम मात्र पाळायलाच हवा: लूपर ज्या चॅनलवर परत येतो, त्याची ऑक्स गुंडी शून्यावर ठेवायची. ती उघडी राहिली तर लूपरचा आवाज पुन्हा लूपरमध्ये शिरतो आणि क्षणात कर्कश शिट्टी सुरू होते. ऑक्समधून येणारा सिग्नल गिटारपेक्षा जोरदार असू शकतो. म्हणून सेंड कमीच ठेवून सुरुवात करा. लूपर चालू आवाजही पुढे पाठवतो, त्यामुळे तोच आवाज दोन वाटांनी मिक्सरला पोहोचतो. कधी तो जास्त मोठा होतो, कधी पोकळ लागतो. पेडलमध्ये थेट आवाज बंद करण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर रेकॉर्डिंग झालं की सेंड बंद करा.

मिक्सरपुढे फुल-रेंज स्पीकर लावा. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर ढेपाळतो, त्यातून शब्द स्पष्ट येत नाहीत. स्पीकर माइकसमोर ठेवू नका. एसएम५८ मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून स्पीकर त्याच्या पाठीमागे हवा. नाहीतर वाजणारा लूप माइकमधून पुन्हा साठतो आणि प्रत्येक थराबरोबर सगळं गढूळ होत जातं.

लूपरवर पाय मारण्याचं तंत्र तबल्याचा ठेका ऐकलेल्याला लवकर जमतं. पहिला पाय समेवर, आवर्तन संपवणारा पाय पुढच्या समेवर. शेवटच्या मात्रेवर पाय पडला तर प्रत्येक फेरीत एक मात्रा गळते. स्वर संपायची वाट पाहू नका, सम येताच पाय दाबा.

अजून काही घेतलं नसेल आणि गाणं-गिटार दोन्ही लूप करायचं नक्की असेल, तर माइकसाठी एक्सएलआर सॉकेट असलेला लूपर पाहा. बॉसच्या आरसी-५०० मध्ये ते आहे आणि दोन ट्रॅकही आहेत. हातात आधीच साधा लूपर असेल तर तो विकायची गरज नाही. ऑक्स सेंड असलेला छोटा मिक्सर घ्या.