लांकूड आणि त्याचा खिळा

हिरड्याच्या काढ्यांत हिराकसाचें पाणी ओतलें कीं काळीभोर शाई होते, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. तीच शाई घराच्या भिंतीवर आपोआप तयार होते, हें मला मात्र माझी पडवी विद्रूप झाल्यावर उमगलें.

पावसाची झड आंत येऊं नये म्हणून मीं पडवीच्या पश्चिमेस ऐनाच्या फळ्या बसविल्या. फळ्या उत्तम घेतल्या. खिळे मात्र साधे लोखंडी. सुतारानें हरकत घेतली होती, परंतु चार पैसे वांचविण्याचा मोह मला आवरला नाहीं. एकाच पावसाळ्यांत प्रत्येक खिळ्याखालीं काळा ओघळ उतरला. ऐन व हिरडा हे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या भाऊबंद. दोहोंतही टॅनिन हें तुरट द्रव्य असतें. ओलाव्यांत तें लोखंडाशीं मिळालें कीं झाली शाई! इंग्लंडांतील ओक वृक्षाच्या फळ्यांचीही हीच गत. ओकांतून तर शिरक्याचें अम्लही सुटतें व तें खिळ्यावरील जस्ताचा मुलामा खाऊन टाकतें.

म्हणून अशा लांकडास स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावे. समुद्राकांठीं ३१६ क्रमांकाचेंच पोलाद पाहावें. त्यांत शेकडा २ ते ३ मॉलिब्डेनम असल्यामुळें खाऱ्या हवेंत तें अधिक टिकतें. पितळेचा डाग पडत नाहीं, पण पितळ नरम. कठीण लांकडांत स्क्रूचें डोकें पिळून तुटतें. जाणता सुतार आधीं त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घेतो, तो काढतो आणि मग पितळी बसवितो.

लांबी फळीच्या जाडीवरून ठरते. १ इंच जाडीच्या फळीस २ इंची स्क्रू, खिळा असल्यास २॥ इंची.

दुसरी चूक याहून महाग पडली. लांकूड पावसांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. तेंही रुंदीस, लांबीस जवळजवळ नाहीं. यास्तव सामत्यानें फळीस स्क्रूहून किंचित् मोठें छिद्र पाडावें व मागील रिपेंत घट्ट बसेल असें. एका फळीची कड दुसरीवर येते तेथें दोहोंतून एकच खिळा कदापि मारूं नये. मीं तसा मारविला, आणि वैशाखांत सात फळ्या मधोमध उकलल्या.

उरलेल्या फळ्यांवरील डाग ऑक्झॅलिक अम्लाच्या पाण्यानें निघाले. तें विष असल्यामुळें मुलांना दूर ठेविलें. खिळे तसेच राहिले असते तर डाग पुन्हां आले असते. म्हणून ते सारे उपटावे लागले.