मलाशयाच्या कर्करोगातील शस्त्रक्रियापूर्व लक्ष्यवेधी उपचार

मलाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी व किरणोपचार एकत्र दिले जातात. त्यांच्या जोडीला कर्करोगपेशींच्या वाढीस कारणीभूत असणाऱ्या ठरावीक रेणूला रोखणारे औषध देण्याच्या पद्धतीस शस्त्रक्रियापूर्व लक्ष्यवेधी उपचार म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या पद्धतीच्या अनेक चाचण्या झाल्या. तथापि ती नेहमीच्या उपचारांचा भाग बनली नाही.

== पार्श्वभूमी ==
मलाशय हा मोठ्या आतड्याचा गुदद्वारालगतचा शेवटचा भाग होय. ओटीपोटाच्या अरुंद पोकळीत तो मूत्राशय, गर्भाशय किंवा प्रॉस्टेट ग्रंथी यांच्या निकट असतो. त्यामुळे गाठ निरोगी ऊतींच्या वेष्टनासह काढणे कठीण जाते आणि मागे राहिलेल्या पेशींतून रोग त्याच जागी उलटू शकतो. १९८२ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचे मेदयुक्त आवरण अखंड काढण्याची पद्धत मांडली. गाठ गुदद्वाराच्या फार जवळ असल्यास तेथील आकुंचक स्नायूही काढावे लागतात आणि रुग्णाला मलविसर्जनासाठी पोटावर कायमची पिशवी बाळगावी लागते. गाठ आधीच आक्रसवता आली, तर काही रुग्णांबाबत हे टाळता येते.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत ५०.४ ग्रे किरणमात्रा २८ भागांत विभागून फ्लुओरोयुरॅसिल या औषधासह दिली होती. हे उपचार शस्त्रक्रियेनंतर दिले असता पाच वर्षांत १३ टक्के रुग्णांत रोग त्याच जागी उलटला. शस्त्रक्रियेपूर्वी दिले असता हे प्रमाण ६ टक्के राहिले. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, अनुक्रमे ७४ व ७६ टक्के, होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपचारांनी गाठ पूर्णपणे नाहीशी होणारे रुग्णही थोडेच होते. अधिक प्रभावी उपचारांचा शोध या उणिवांतून सुरू झाला.

== औषधे व त्यामागील तर्क ==
सेटुक्सिमॅब ही प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर या वाढग्राहीला अडवते. किरणांचा मारा झालेली पेशी याच ग्राहीच्या साहाय्याने स्वतःची दुरुस्ती करू पाहते. डोके व मान यांच्या कर्करोगात किरणोपचारांना सेटुक्सिमॅबची जोड दिल्याने आयुर्मान वाढल्याचे २००६ मध्ये दिसून आले होते.

बेव्हासिझुमॅब ही प्रतिपिंड नव्या रक्तवाहिन्या निर्माण करणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला निष्प्रभ करते. गाठीतील अस्ताव्यस्त रक्तवाहिन्या काही काळ सुरळीत झाल्यास तेथे प्राणवायू अधिक पोहोचेल आणि किरणांचा परिणाम वाढेल, अशी अपेक्षा होती.

== चाचण्यांचे निष्कर्ष ==
एक्सपर्ट-सी या युरोपीय चाचणीत १६५ रुग्णांनी भाग घेतला. केआरएएस व बीआरएएफ या जनुकांत उत्परिवर्तन नसलेल्या रुग्णांवर तिचा मुख्य भर होता. २०१२ मधील निष्कर्षांनुसार सेटुक्सिमॅबमुळे गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण वाढले नाही. या गटात आयुर्मान वाढल्याचे प्रारंभी दिसले. परंतु दीर्घकालीन पाठपुराव्यात तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही.

बेव्हासिझुमॅबबाबत निराळी अडचण आली. हे औषध शरीरात अनेक आठवडे राहते आणि जखम भरून येण्यास अडथळा आणते. त्यामुळे ते थांबवल्यानंतर नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान २८ दिवस जाऊ द्यावे लागतात. आतडे कापून पुन्हा जोडायचे असल्याने मलाशयाच्या शस्त्रक्रियेत हा धोका विशेष गंभीर ठरतो.

== कारणमीमांसा ==
सेटुक्सिमॅबच्या अपयशाचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे : हे औषध पेशींचे विभाजन मंदावते, तर केमोथेरपी व किरणोपचार विभाजित होणाऱ्या पेशींवर अधिक प्रभावी ठरतात. म्हणजे स्वतंत्रपणे उपयुक्त असलेले उपचार एकत्र आल्यावर परस्परांना मारक होऊ शकतात.

== पुढील दिशा ==
मलाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत गाठीतील पेशींची डीएनए-दुरुस्तीची एक यंत्रणा बिघडलेली असते. अशा रुग्णांना न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने डोस्टार्लिमॅब हे रोगप्रतिकारशक्तीवरील रोध उठवणारे औषध सहा महिने दिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या सर्व १२ रुग्णांत तपासणीत गाठ आढळली नाही. तोपर्यंत त्यांना किरणोपचार, केमोथेरपी वा शस्त्रक्रिया यांपैकी कशाचीही गरज भासली नव्हती. यामुळे उपचार निवडण्यापूर्वी गाठीच्या जनुकीय तपासणीस विशेष महत्त्व आले आहे. मात्र ही यंत्रणा शाबूत असलेल्या बहुसंख्य रुग्णांना हा निष्कर्ष लागू होत नाही. त्यांच्यासाठी केमोथेरपी, किरणोपचार व शस्त्रक्रिया हेच उपचारांचे मुख्य आधार आहेत.