यंत्राच्या उत्तरांची पारख कशी मोजावी?

कापड मीटरने मोजतात, ताप तापमापीने. पण कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी एखाद्याला किती जाण आहे, हे कशाने मोजायचे? 'तुम्हांला ती समजते का?' असे विचारले, तर त्या माणसाचे स्वतःविषयीचे मत तेवढे कळते.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ११ हजार प्रौढांना, ही बुद्धिमत्ता रोजच्या व्यवहारात कोठे वापरतात, याविषयी सहा प्रश्न विचारले. सहाही उत्तरे बरोबर देणारे शेकडा सुमारे ३० निघाले. मात्र हे झाले ओळखण्याचे. वापराची परीक्षा वेगळी असते.

समजा, दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपच्या एका शेतकऱ्याने ज्वारीवरील किडीसाठी कोणते औषध किती घ्यावे, हे मोबाइलला विचारले. यंत्र एकापुढे एक संभाव्य शब्द मांडून उत्तर रचते. म्हणून चुकीचे उत्तरही ते ठामपणे देऊ शकते. नुकसान मात्र पिकाचे होते. तेव्हा शेतकऱ्याला चूक ओळखता येते का, हेच मोजले पाहिजे.

त्यासाठी यंत्राने दिलेली १० उत्तरे निवडा : पाच बरोबर, पाच चूक. शिक्षकांच्या मदतीने ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी'शी आधी ताडून पाहा. मग कोणती उत्तरे चूक वाटतात, ते लोकांना विचारा.

आता गुण द्या. पकडलेल्या चुकांमधून, चूक ठरवलेली बरोबर उत्तरे वजा करा. एकाने चार चुका पकडल्या, पण तीन बरोबर उत्तरेही चूक ठरवली; त्याला ४ - ३ = १ गुण. दुसऱ्याने चार पकडल्या आणि एकच बरोबर उत्तर नाकारले. त्याला ३ गुण. सगळेच चूक म्हणणाऱ्याला ५ - ५ = ०. सगळे खरे मानणाऱ्यालाही शून्यच! डोळे झाकून विश्वास ठेवणे आणि डोळे झाकून नाकारणे, दोन्हींत पारख नाही.

दोन पथ्ये पाळा. या भागात अनेक घरांत कन्नड बोलतात. तेथे प्रश्न कन्नडमध्ये विचारा, नाहीतर मोजले जाईल ते मराठीचे ज्ञान. आणि चाचणी संपताच प्रत्येकाला खरी उत्तरे सांगा. चुकीचे प्रमाण डोक्यात ठेवून कोणी फवारणीला जाता कामा नये.