आधी घाणेरी काढू, मग झाड लावू

आपल्या उमरखेड तालुक्याला पैनगंगा नदी आहे, पैनगंगा अभयारण्य आहे. साग, मोह, पळस, तेंदू, चारोळी ही इथली झाडं. मोहफूल, डिंक, चारा, सरपण यांवर कितीतरी घरांचा संसार चालतो. हे रान टिकवायला बचत गटाच्या बायांना काय करता येईल, ते आज आम्ही सांगतो.

पहिलं काम लावण्याचं नाही, काढण्याचं आहे. नाल्याकाठी, गायरानात, वावराच्या धुऱ्यावर घाणेरी माजलेली दिसते. कोणी तिला टणटणी म्हणतं, कोणी रायमुनिया. ही मूळची अमेरिका खंडातली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी शोभेसाठी आणली. गुरांनी पाला खाल्ला तर विषबाधा होते. पाखरं फळं खातात आणि बी दूरवर पसरतं. हिच्या दाटीत मारवेल, पवना ही चाऱ्याची गवतं तग धरत नाहीत, मोहाचं रोपटं वर येत नाही. मग चाऱ्याचा भारा आणायला लांब कोण जातं? आपणच.

वरून छाटली तर घाणेरी पुन्हा जोमानं फुटते. म्हणून कुदळीनं माती उकरून, जमिनीखाली तीन-चार इंचांवर मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. हे काम फळं पिकण्याआधी करावं. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यानंतर नवी रोपं उपटावी लागतात.

जागा मोकळी झाली की इथलंच बी टाकावं. गुलमोहर मादागास्करचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. दिसायला छान, पण मोहफूल किंवा चारोळी काही त्यांच्यापासून मिळत नाही. निंबोळी आणि मोहाचं बी फार दिवस टिकत नाही. पिकून पडलं की वेचा आणि पाऊस लागताच टोबा. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वनजमिनीवर किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय काम करायचं नाही. आधी वनरक्षकांना भेटा. गायरानासाठी ग्रामपंचायतीशी बोला. 2002 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, ते ग्रामसभेत विचारा. गावातली झाडं, गवतं, औषधी वनस्पती यांची नोंदवही समितीनं लोकांना विचारून करायची असते. ही माहिती बायांजवळ सगळ्यात जास्त.

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, ते अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावानं दाखवलं. 2012 साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेलं रान त्यांनी श्रमदानानं राखलं, झाडं लावली आणि जगवली. 2014 साली या कामाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच ठरवा: कोणता तुकडा, कोणता वार, किती बाया. दहा जणींचे आठवड्याचे दोन तास पुरे. तुकडा लहानच निवडा, पण तीन वर्षं सोडू नका.