मोदकपात्राचं झाकण आणि दहावीचा धडा

मैत्रिणींनो, मागच्या गणपतीतली गोष्ट. मोदकांचा दुसरा घाणा उकडून झाला होता. बाहेर पाहुणे, आरतीची घाई. गडबडीत मी मोदकपात्राचं झाकण माझ्याच बाजूने उचललं आणि वाफेचा लोट थेट मनगटावर! उकळत्या पाण्याचे थेंब आपल्या हातावर नेहमीच उडतात. पण हा चटका वेगळाच होता. बघता बघता टरारून फोड आला.

शरमेची गोष्ट अशी, की आदल्याच आठवड्यात मी शाळेत दहावीला 'अप्रकट उष्मा' शिकवला होता. फळ्यावर गणितंसुद्धा सोडवून घेतली होती. स्वयंपाकघरात शिरताना मात्र तो धडा मी उंबऱ्याबाहेरच ठेवला!

धडा साधा आहे. पातेल्यातलं पाणी तापत तापत १०० अंशांवर आलं की उकळू लागतं. मग गॅस कितीही मोठा करा, तापमान तिथेच थांबतं. ती उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. तापमापीत ती दिसत नाही, म्हणून अप्रकट. १७६०च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांनी ही लपलेली उष्णता ओळखली.

पण लपलेलं म्हणजे हरवलेलं नव्हे. वाफ हाताला लागून तिचं पाणी झालं, की ती सारी उष्णता परत करते. तीही आपल्या कातडीला! एक ग्रॅम उकळतं पाणी १०० वरून ३७ अंशांवर येताना ६३ कॅलरी देतं. तेवढीच वाफ सहाशेच्या वर देते, म्हणजे जवळजवळ साडेनऊ पट.

सासूबाई हळद घेऊन धावल्या, शेजारच्या वहिनी टूथपेस्ट. मी म्हटलं, "आई, आधी पाणी." बांगड्या काढल्या, कारण सूज आली की त्या निघत नाहीत. हात वीस मिनिटं नळाच्या गार धारेखाली धरला. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका आणि फोड फोडू नका. चेहरा किंवा मोठा भाग भाजला, किंवा लहान मूल भाजलं, तर पाण्याने गार करून तडक डॉक्टर गाठा.

हाच धडा गॅसही वाचवतो बरं का! भाजीला उकळी आली की आच बारीक करा आणि झाकण ठेवा. भडभडून उकळल्याने ती लवकर शिजत नाही, नुसतं पाणी आटतं. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, म्हणून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं आणि डाळ झटपट शिजते. पण वाफ पुरती जिरल्याशिवाय त्याच्या झाकणाला हात लावायचा नाही. आणि कुठलंही झाकण उचलताना पलीकडची कड आधी वर करायची, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाते.

सुट्टीनंतर वर्गात माझ्या मनगटाची पट्टी पाहून एका मुलीने विचारलं, "बाई, हे काय झालं?"

"अप्रकट उष्मा प्रकट झाला!" मी म्हटलं.

वर्ग हसला. पण त्या दिवशी मी गृहपाठ वेगळाच दिला: घरी जाऊन आईला झाकण कसं उघडायचं ते सांगा. तुम्हीही आज तुमच्या लेकीला, सुनेला नक्की सांगा.