पाणी न काढता

गुरुजींनी वहीतली कविता वाचायला घेतली आणि सातव्या ओळीनंतर ते थांबले. मी मोजलं : चार सेकंद. या कवितेवरच्या आमच्या अ‍ॅनिमेशन फिल्मचं पहिलं माप ते ठरलं.

कविता चौदा ओळींची, पाण्याखाली गेलेल्या घराची. गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण झालं आणि जुनं सुपा गाव जलाशयात गेलं. गुरुजींचं लहानपणीचं घर त्याच पाण्यात आहे.

पहिल्या आठवड्यात माझी चूक झाली. उंबरा हा शब्द आला की उंबरा काढला, तुळस आली की तुळस. पडद्यावर अंकलिपी उमटली. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा स्वतःचा उंबरा उभा राहायच्या आत माझा उंबरा जागा अडवून बसत होता. ते सगळं टाकून दिलं. गुरुजींचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्यातले विराम मोजले. शब्द थांबतील तिथंच चित्र हलणार, असं ठरलं.

माध्यम वाळूचं. कॅरोलिन लीफ यांनी १९६९ मध्ये काचेवरच्या वाळूतून ‘पीटर आणि लांडगा’ची गोष्ट हलती केली, ती ही रीत. काचेखाली दिवा आणि काचेच्या वर, खाली तोंड केलेला कॅमेरा. वाळूचा थर पातळ असेल तर तपकिरी छटा, जाड असेल तर काळी. आमच्या जोयड्याच्या पावसात वाळू दमट होऊन गोळे धरते, म्हणून रोज सकाळी ती कढईत भाजायची, गार करायची, चाळायची. पंखा बंद, तोंडाला फडकं. नाहीतर एका श्वासात आख्खं छप्पर उडतं. हत्यारं म्हणजे कुंचला, कापसाची काडी आणि करंगळी. सेकंदाला बारा चित्रं, दोन मिनिटांना १,४४०. दिवसभरात साठ झाली तर हाती पाच सेकंद लागतात.

कागदावर काढलेलं कालचं चित्र आज पुन्हा हातात घेता येतं. इथं पुढचं चित्र हवं तर आधीचं मोडावंच लागतं. त्याचा फोटो तेवढा उरतो. या कवितेला वाळूच का हवी होती, ते मला बोटांनी शिकवलं.

सगळ्यांत अवघड गेलं पाणी. लाटा काढल्या की घर तळ्याकाठचं वाटे. शेवटी पाणी काढलंच नाही. उंबऱ्यापासून वर वर वाळू टिपत गेले. जिथली वाळू गेली तिथून दिव्याचा उजेड चढू लागला. आधी भिंत, मग खिडकी, मग कौलं. दहा सेकंदांची १२० चित्रं, पुरे दोन दिवस.

गुरुजींनी फिल्म पाहिली, पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, “शेवटच्या दोन ओळी आता वाचायला नकोत.”

त्या ओळी वहीत आहेत. फिल्ममध्ये त्यांच्या जागी उजळलेली कोरी काच आहे. ती चार सेकंद दिसते.